अलिबागला जायचं तर द्वादशीला

उन्हाळ्यात एका दिवसात अलिबाग करून यायचं ठरलं की मुंबई-पुण्याची मंडळी आधी रविवार बघतात, मग गाडी आणि मग हॉटेल. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. या गावाचं खरं वैभव समुद्रात आहे, आणि तिथे पायी कधी जाता येईल हे चंद्र ठरवतो.

कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर एका खडकावर उभा आहे. ओहोटीला वीसेक मिनिटांत ओल्या वाळूवरून चालत जावं आणि भरतीला लाटांनी त्याचे बुरूज धुवावेत, असा त्याचा रोजचा क्रम. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर वेळेचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊला भरती. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली की दुपारी तीननंतर पूर्ण ओहोटी. छापील वेळापत्रकाशी ताडून पाहिलं तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढं पुरतं.

या हिशोबाने उन्हाळ्यातल्या सुट्ट्या तपासून बघा. हनुमान जयंती म्हणजे चैत्री पौर्णिमा. भर दुपारी बाराला भरती, तीही उधाणाची. त्या दिवशी अकराला पोचलेली माणसं किनाऱ्यावर उभी राहून किल्ल्याचे फोटो काढतात आणि परततात. रामनवमीला उलट. ओहोटी एकच्या सुमारास, वेळ अगदी सोयीची, पण अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. भरती फारशी चढत नाही आणि ओहोटीला समुद्र मनापासून मागे हटत नाही. उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो, भांगात दीडेक मीटरवर येतो. म्हणून भांगाच्या दिवसांत गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. घोडागाडीवाले नेतात, पण पायी जाण्याची मजा नाही. मला सगळ्यात आवडतात द्वादशी आणि त्रयोदशी. उधाण चढत असतं आणि पाणी दुपारी तीन-चारला लांब जातं. एकदा एका घोडागाडीवाल्याला विचारलं, ‘काका, किल्ल्यात कधी जाता येईल?’ त्यांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, ‘आज बारस ना? जेवून घ्या निवांत, अडीचला या.’

गावाचा इतिहास थोडक्यात सांगतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये किल्ल्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून समुद्रावर हुकमत गाजवली. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले आणि फसले. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांची समाधी गावात आहे. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं.

आता किल्ल्याच्या तटाजवळ या. महाद्वारावरचे कोरीव मोर, हत्ती लोक बघतात, बघावेतच. पण आत शिरण्याआधी तटाच्या पायथ्याशी पाच मिनिटं थांबा. प्रचंड दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. दोन दगडांच्या फटीत माझा हात मनगटापर्यंत जातो. आत बोटांना ओलं शेवाळ आणि कालवांच्या शिंपल्यांची धारदार कड लागते. आपटणारी लाट या फटींत शिरते, तिचा जोर आतल्या आत विखुरतो आणि पाणी निथळून परत जातं. समुद्राला वाट ठेवून त्याच्याशी टक्कर घेणारं हे बांधकाम तीनशेहून जास्त पावसाळे उभं आहे. जलदुर्गाच्या बांधणीत याहून शहाणी युक्ती मी पाहिलेली नाही. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, उत्तर तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्या तोफांवर मुलं बसतात आणि फोटो निघतात. तोवर तुम्ही उत्तरेला शेजारच्या सर्जेकोट या छोट्या किल्ल्याकडे जाणारा दगडी बांध बघून घ्या.

परतीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. पाणी फिरल्यावर पहिल्या तासात समुद्र जेमतेम हलतो, त्यामुळे माणसं निर्धास्त होतात. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र भरतीचं जवळजवळ निम्मं पाणी चढतं. शिवाय ते समोरून येत नाही. किल्ल्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून मधल्या वाळूवर एक होतं. ओहोटी पुरती व्हायच्या तासभर आधी किल्ल्यात शिरा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात निघा. स्थानिक माणूस ‘चला’ म्हणाला की वाद घालू नका.

द्वादशीला सकाळ मोकळी असते. त्या वेळात अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या कुंपणाशी उभं राहायला मला आवडतं. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रामचं घाटू लागलं तेव्हा विजेच्या प्रवाहाने सुया बिघडणार हे तिथले पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. त्यांनी अलिबागची जागा निवडली, इमारतीत लोखंड येऊ दिलं नाही आणि १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. काही काळ दोन्हीकडे एकदम मोजमाप केल्यामुळे जुनी मालिका तुटली नाही. भूचुंबकत्वाच्या अभ्यासात हे सातत्य फार मोलाचं आहे. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. चंद्रामुळे या सुयांमध्येही अगदी बारीक चढउतार होतो. किल्ल्याची वाट उघडणारा चंद्र वेधशाळेच्या नोंदीतही सापडतो.

पेणवरून येत असाल तर कार्लेखिंडीत पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. भात निघाल्यावर त्याच शेतात हा कांदा होतो. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चवीला गोडसर, कच्चा खाण्याजोगा. घेताना पात घट्ट विणलेली आणि कोरडी आहे ना ते बघा, आणि माळ घरी वाऱ्यावर टांगा.

ज्यांना दुपारचं ऊन सोसत नाही त्यांच्यासाठी दुसरी तिथी चतुर्थी. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवस टिकतो आणि ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास येते, म्हणून संकष्टीला किल्ल्यातल्या गणपतीला जाणारे सकाळीच निघतात. त्यासाठी गेटवेहून मांडव्याला सुटणारी पहिली बोट गाठावी लागते. मांडव्याहून बसने अलिबाग वीसेक किलोमीटर. एसटी स्टँडवरून थेट किनाऱ्याकडे चाला, चहा-नाश्ता परत आल्यावर.