बिघडलेली तबकडी आणि उरलेली बेरीज

मानखुर्दजवळील ट्रॉम्बे येथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें ‘अनुपम’ संगणक घडविले, ते पुष्कळ यंत्रांस एका कामाला जुंपून. सर्व्हरमध्यें माहिती सांठविणाऱ्या तबकड्याहि अशाच जुंपतात. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं १९८८ सालीं या योजनेस ‘रेड’ हें नांव रूढ केलें.

तिच्या एका प्रकारांत, समजा, तीन तबकड्यांवर ५, ८ आणि ३ हे आंकडे आहेत. चवथीवर त्यांची बेरीज, १६. आठाची तबकडी बिघडली, तर १६ मधून ५ व ३ वजा करावे. ८ परत हातीं येतात. यंत्र बेरजेऐवजीं सम-विषम पाहतें, एवढाच भेद. दुसरीहि गेली, कीं गणित खुंटलें! आणि तो धोका दुरुस्तीच्या वेळींच अधिक. कारण नवी तबकडी भरण्यास उरलेल्या, बहुधा तितक्याच जुन्या, तबकड्या अथपासून इतीपर्यंत वाचाव्या लागतात.

त्याहून घातक घाईचा हात. बिघडलेली समजून चांगलीच तबकडी उपटली, तर वर्षांचे हिशेब क्षणांत बुडतात. म्हणून जाणता कारागीर प्रथम प्रत्येकीवर क्रमांक घालतो, तिची हुबेहूब नक्कल काढतो आणि सारे प्रयोग नकलेवर करतो. तेथें चुकलें, तर मूळावरून पुन्हां नक्कल काढतां येते.