जुनी मोटार आणि रोजचा द्रुतगती मार्ग

‘जुने ते सोने’ ही म्हण मोटारीच्या बाबतीत सरसकट खरी ठरत नाही. सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर लागतो, तर जुन्या मोटारीचा कस रस्त्यावर लागतो. हा रस्ता रोजचा द्रुतगती मार्ग असेल, तर निवडीचे निकषही निराळे असावे लागतात.

सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि घर व नोकरी यांतील अंतराची कल्पनाच बदलली. उदाहरणादाखल, तळेगावात घर आणि पनवेल परिसरात नोकरी असलेले एक कुटुंब घेऊ. जाऊन-येऊन रोजचा प्रवास सुमारे १५० किलोमीटर. महिन्यातील २२ कामाचे दिवस धरल्यास वर्षाकाठी जवळजवळ ४०,००० किलोमीटर होतात. शहरात वर्षाला १०,००० किलोमीटर धावणारी मोटार चार वर्षांत जेवढे अंतर कापते, तेवढे ही मोटार एका वर्षात कापणार, हे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावयास हवे.

खरेदी एकदा, खर्च रोज

एक मोटार लिटरला १५ किलोमीटर धावते, दुसरी २०. वर्षाला ४०,००० किलोमीटरसाठी पहिलीला सुमारे २,६६७ लिटर, तर दुसरीला २,००० लिटर इंधन लागेल. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरचा दर १०० रुपये धरला, तरी वर्षाला ६६,७०० रुपयांचा फरक पडतो. म्हणजे पहिली मोटार लाखभर रुपयांनी स्वस्त मिळाली, तरी ती बचत दीड वर्षात इंधनातच संपते. शिवाय टायर, ब्रेक आणि क्लच यांच्यासाठी काही रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते.

आकडा आणि इतिहास

कमी किलोमीटर धावलेली मोटार अधिक चांगली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु शहरातील कोंडीत ३५,००० किलोमीटर रखडलेल्या मोटारीचा क्लच आणि ब्रेक अधिक झिजलेले असू शकतात. उलट महामार्गावर संथ, एकसारख्या गतीने ८०,००० किलोमीटर धावलेल्या आणि वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेल्या मोटारीचे इंजिन सुस्थितीत असू शकते. मीटरवरील आकडा मागे फिरविता येतो. सर्व्हिसिंगच्या पावत्यांवर तारखेसह नोंदलेले किलोमीटर मात्र क्रमाने वाढत जातात. त्या पावत्यांशी आकडा ताडून पाहावा. पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची झीजही बरेच काही सांगून जाते.

वेगाबरोबर सुरक्षितता

या मार्गाच्या सपाट भागात मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. त्या वेगात टायर फुटणे जिवावर बेतू शकते. टायरच्या बाजूवर चार आकडी संकेत असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुने टायर बदलून घ्यावेत. चालकासाठीची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून, तर एबीएस त्याच वर्षीच्या एप्रिलपासून नव्या मोटारींना बंधनकारक झाले. शक्यतो त्यानंतरची मोटार निवडावी.

चाचणी गल्लीबोळात घेऊन भागत नाही. इंजिन थंड असताना मोटार सुरू करून धुराचा रंग पाहावा. नंतर महामार्गावर वेगमर्यादेत ती चालवावी. स्टिअरिंग थरथरते का, ब्रेक दाबताच मोटार एका बाजूला ओढली जाते का, हे तेथेच उमगते. शेवटी विश्वासू मेकॅनिककडून मोटार उचलून खालची बाजू तपासून घ्यावी. अपघातानंतरची वेल्डिंगची डागडुजी वरच्या नव्या रंगाखाली दडलेली असते.

कागदपत्रांचा काटेकोरपणा

‘वाहन’ पोर्टलवर नोंदणी, विमा आणि तारणाची नोंद पाहता येते. मोटारीवर कर्ज असल्यास बँकेचे ना-देय प्रमाणपत्र आणि नमुना ३५ मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. अन्यथा मोटारीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो. विक्रेत्यानेही याबाबत गाफील राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले, की मोटार हातोहात विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते.

हप्ता आणि आयुष्य

वरील उदाहरणातील कुटुंबाने ८०,००० किलोमीटर धावलेली मोटार घेतली, तर तीन वर्षांत मीटर दोन लाखांवर पोहोचेल. पाच वर्षांच्या कर्जाचा मासिक हप्ता लहान वाटतो. परंतु अखेरची दोन वर्षे हप्ता आणि दुरुस्ती यांचा भार एकाच वेळी खांद्यावर येतो. म्हणून कर्जाची मुदत मोटारीच्या वयावरून नव्हे, तर ती पुढे किती धावणार आहे त्यावरून ठरवावी. तीन वर्षांचा हप्ता झेपत नसेल, तर मुदत लांबविण्यापेक्षा थोडी लहान मोटार पसंत करावी. रोज संध्याकाळी सुखरूप घरी आणणारी आणि महिनाअखेरीस घरखर्चाला धक्का न लावणारी मोटार हीच अशा प्रवाशासाठी खरी किफायतशीर मोटार होय.