चेंडू उजवीकडे का वळतो?

उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्या गोल्फपटूंची नेहमीची तक्रार असते, की चेंडू उडतो खरा, पण उजवीकडे वळत झाडीत जातो. याला ‘स्लाइस’ म्हणतात. इथे ताकद कमी पडत नाही. टक्कर होताना क्लबचा सपाट भाग, म्हणजे ‘फेस’, जिकडे तोंड करून असतो, मुख्यतः तिकडेच चेंडू निघतो. पुढे तो किती वळेल, हे फेस आणि क्लबच्या फिरण्याचा मार्ग यांच्यातल्या कोनावर ठरतं. चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो, असं पूर्वी शिकवलं जाई. रडारवर चालणाऱ्या मोजणीयंत्रांनी ते खोडून काढलं.

म्हणूनच स्लाइस टाळायला आणखी डावीकडे नेम धरणं हा सर्वांत वाईट उपाय. त्याने मार्ग डावीकडे सरकतो, फेस मार्गाच्या तुलनेत उघडाच, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो आणि वळण वाढतं.

सुधारणा पकडीपासून करावी. खाली पाहिल्यावर डाव्या मुठीवरचे दोन-तीन उंचवटे दिसायला हवेत, आणि दांडा आवळून धरू नये. पाय, कंबर, खांदे लक्ष्यरेषेला समांतर हवेत. जमिनीवर काठी ठेवली की चूक लगेच कळते. सरळ फटक्यांसाठी नावाजलेले कॅनडाचे मो नॉर्मन (१९२९–२००४) यांचा स्विंग तर पुस्तकी नव्हताच, पण टक्कर होताना फेस लक्ष्यरेषेला काटकोनात येई.

सरावाला ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्यांचा क्लब, घेऊ नका. सात नंबरच्या आयर्नने अर्धा स्विंग करा आणि चेंडू सरळ निघू लागल्यावरच वेग वाढवा.