तिथीची पाऊणपट आणि समुद्रातली गोगलगाय

आज तिथी कोणती? तिची पाऊणपट करा. उत्तर येईल त्या सुमारास आज भरती पूर्ण होणार. अष्टमी असेल तर सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमेला सव्वाअकराला. दिवसाही आणि रात्रीही. कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, त्याच्यामागे भरती सरकते. पाऊण तास धरला की तोंडी गणित जमतं. घड्याळाशी ताडलं तर थोडा फरक निघतो, पण होडी काही तेवढ्यावर अडत नाही.

याच किनाऱ्यावर जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते. तिथल्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. सकाळी जिथे चिखल, तिथे दुपारी होडी तरंगते. एवढी उलथापालथ रोज चालते, तरी तिला कुणी बदल म्हणत नाही. वेळापत्रक पाठ आहे ना!

बिनवेळापत्रकाचे बदलही या गावाने पाहिले. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ करत जयगडला लागायची, आणि पावसाळ्यात दर्या खवळला की बंद व्हायची. पुढे ती कायमचीच बंद झाली, चाकरमानी एसटीला लागला. मग जयगड-तवसाळ फेरीबोट आली. मोटरसायकल, जीप, बिऱ्हाड, सगळं चढवा आणि पलीकडे गुहागर तालुक्यात उतरा. राई-भातगावच्या पुलाचा वळसा वाचला. ही सोय पटवून द्यायला कुणाला सभा घ्यावी लागली नाही.

2009 साली खोल पाण्याचं नवं बंदर सुरू झालं आणि पाठोपाठ 1200 मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प. पूर्वी आषाढात सामसूम असलेल्या किनाऱ्यावर आता बारमाही जहाजं. इथे मात्र सरळ स्वागत झालं नाही. कोळशाच्या धुराने आंब्याच्या मोहोराचं काय होणार, हा बागायतदारांचा सवाल न्यायालयापर्यंत गेला. जयगड किल्ल्याचा बुरूज उभा राहीना, तेव्हा जयबा नावाच्या तरुणाने स्वतःचा बळी दिला, अशी दंतकथा आहे. नव्या बांधकामाची किंमत कुणीतरी मोजतो, हे इथल्या लोकांना कुणी वेगळं सांगायला नको.

तीच माणसं, तोच किनारा. मग एक बदल अंगवळणी पडतो आणि दुसरा सलत राहतो, असं का? याचं एक उत्तर समुद्रातच सापडलं. एरिक कँडेल हा मूळचा व्हिएन्नाचा मुलगा. नाझींमुळे 1939 मध्ये त्याला देश सोडून अमेरिका गाठावी लागली. मोठेपणी तो स्मृतीचा अभ्यास करू लागला, तोही अॅप्लिशिया नावाच्या समुद्री गोगलगाईवर. माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे 8,600 कोटी, हिच्यात जेमतेम 20 हजार. पण त्यांतल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांना दिसाव्यात.

तिच्या अंगाला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. पुन्हा स्पर्श केला की जरा कमी ओढते. दहा-बारा वेळा झालं की जवळजवळ दुर्लक्षच करते. यात इजा नाही, हे तिच्या पेशींना कळलेलं असतं. मग तिच्या शेपटीला एकदा विजेचा झटका द्या. आता तोच हलका स्पर्श झाला तरी ती कल्ला गपकन आत घेते. एका झटक्याचा परिणाम काही मिनिटं टिकतो. असे झटके पुन्हापुन्हा बसले तर तो आठवडाभर, कधी त्याहून जास्त राहतो, आणि चेतापेशींना खरोखर नवे जोड फुटतात! अनुभव शरीरात असा अक्षरशः उगवतो. या कामाबद्दल कँडेलना 2000 साली नोबेल मिळालं.

माणूस म्हणजे गोगलगाय नव्हे. तो सात-बारा वाचतो, वकील गाठतो, मुलाला नोकरी लागली की मतही बदलतो. तरी फेरीबोट आणि बंदर यांतला फरक मला या प्रयोगात दिसतो. फेरीबोट हा हलका स्पर्श होता; नाही आवडली तर पुलाची वाट मोकळी होती. बंदर हा झटका; नाही आवडलं तर काय करणार?

'लोकांना बदल नको असतो' असं म्हणणाऱ्या प्रकल्पवाल्यांनी आणि अधिकाऱ्यांनी एकदा फेरीबोटीतून तवसाळला जाऊन यावं. आणि पुढच्या गावात कागद घेऊन जाण्याआधी तिथे पूर्वी झटका कुणी दिला होता, एवढं विचारून घ्यावं.