पुस्तकाचे वय

दिवाळीपूर्वी घरोघर साफसफाई निघते आणि आमच्या वाचनालयाच्या पायरीवर पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडतात. कथा-कादंबऱ्या असल्या तर प्रश्न नसतो. पण अलीकडे त्यांत संगणकावरची जाडजूड पुस्तकेही असतात. फुकट मिळतात, कोरी करकरीत दिसतात! ग्रंथनिवड समितीचा सभासद या नात्याने मी ती आनंदाने दाखल करून घेत असे.

माझा तो आनंद एका मुलीने घालवला. 'पायथन' ही संगणकाची भाषा शिकण्यासाठी तिने आमचे पुस्तक नेले होते. चार दिवसांनी परत करताना म्हणाली, "काका, मला नाही जमायचं हे. पहिलाच धडा जसाच्या तसा उतरवते, तरी संगणक चूक दाखवतो."

मी पुस्तक उघडले. ते पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीवरचे होते. तिसरी आवृत्ती २००८ साली आली. तिच्यात 'प्रिंट' या साध्या आज्ञेलाही कंस लागतो. जुन्या पुस्तकात तो नव्हता. १ जानेवारी २०२० पासून तर दुसऱ्या आवृत्तीची देखभालही थांबली. चूक मुलीची नव्हे, माझी होती. छापील पुस्तक चुकेल, असे वाचकाच्या मनातही येत नाही हो. तो स्वतःलाच मठ्ठ ठरवून मोकळा होतो!

तेव्हापासून मी या पुस्तकांचे दोन भाग केले: भाजी आणि लोणचे. ठराविक आवृत्तीवरची पुस्तके म्हणजे भाजी. ती साल पाहून घ्यायची आणि दरवर्षी निवडून काढायची. मूळ विचार शिकवणारी पुस्तके म्हणजे लोणचे. डोनाल्ड कनूथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'चा पहिला खंड १९६८ सालचा. त्याचा आरंभ युक्लिडच्या मसावि काढण्याच्या रीतीने होतो. ती दोन हजार वर्षांत शिळी झालेली नाही!

आमचे अध्यक्ष कळवळले, "अहो, सरस्वती रद्दीत घालायची?" मी म्हटले, "रंगनाथनांनी १९३१ सालीच आपल्या पाचव्या सूत्रात ग्रंथालयाला वाढता जीव म्हटलंय. वाढत्या झाडाची पानं गळायचीच, अप्पासाहेब."

ती मुलगी आता नवे पुस्तक घेऊन गेली आहे. यंदाचे गठ्ठेही आले आहेत. मी मात्र मुखपृष्ठाला न भुलता आधी आतल्या पानावरचे साल पाहतो.