डिजिटल कॅमेऱ्याला फिल्मच्या काळातील लेन्सची जोड

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर दररोज सूर्यास्तानंतर गंगेची आरती होते. हलत्या ज्योती, धुपाचा धूर आणि भोवतालचा अंधार यांमुळे हे दृश्य टिपणे छायाचित्रकारांना अवघड जाते. डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यासोबत सहसा मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटर झूम लेन्सचे छिद्र लांबच्या टोकाला एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. फिल्म कॅमेऱ्याच्या काळातील ५० मिलिमीटरची एफ/१.४ लेन्स त्याच्या सोळापट प्रकाश आत घेते. त्यामुळे घरच्या कपाटात पडून असलेल्या जुन्या लेन्स पुन्हा उपयोगात आणता येतात. मात्र प्रत्येक लेन्स प्रत्येक कॅमेऱ्यावर चालत नाही आणि चुकीच्या जोडणीने कॅमेऱ्याची हानी होऊ शकते.

अंतराचे गणित

लेन्स ज्या कड्यावर बसते ते कडे आणि फिल्म किंवा सेन्सर यांमधील अंतर प्रत्येक कॅमेरा पद्धतीत निश्चित असते. निकॉनच्या १९५९ पासूनच्या 'एफ' पद्धतीत ते ४६.५ मिलिमीटर आहे. पेंटॅक्सच्या 'के' पद्धतीत आणि आटे फिरवून बसवल्या जाणाऱ्या एम-४२ लेन्समध्ये ते ४५.४६, तर कॅनॉनच्या १९८७ मध्ये आलेल्या 'ईएफ' पद्धतीत ४४ मिलिमीटर आहे. अधिक अंतरासाठी बनवलेली लेन्स कमी अंतराच्या कॅमेऱ्यावर धातूची साधी कडी लावून बसवता येते, कारण उरलेली जागा ती कडी भरून काढते. म्हणूनच निकॉन किंवा एम-४२ लेन्स कॅनॉनच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालतात.

याउलट, कॅनॉनच्याच जुन्या 'एफडी' लेन्ससाठी हे अंतर ४२ मिलिमीटर होते. साध्या कडीने ती ईएफ कॅमेऱ्यावर बसवल्यास जवळचा दिवा स्पष्ट दिसतो, पण गंगेचा पैलतीर अस्पष्टच राहतो. हा दोष दूर करण्यासाठी कडीत जादा भिंग घालावे लागते आणि त्याने चित्राचा दर्जा घसरू शकतो.

खटक्याची खबरदारी

निकॉनने १९७७ मध्ये 'एआय' ही सुधारित रचना आणली. त्यापूर्वीच्या, बदल न केलेल्या लेन्सचे छिद्राचे कडे डी-२००, डी-३०० व डी-७०० या कॅमेऱ्यांच्या तोंडाशी असलेल्या खटक्यावर आदळून तो मोडू शकतो. २००६ मधील स्वस्त डी-४० कॅमेऱ्यात हा खटकाच नसल्याने या लेन्स त्यावर सुरक्षितपणे बसतात. परंतु तेथे प्रकाशमापन होत नाही. वेग आणि छिद्र स्वतः ठरवून, पडद्यावर चित्र पाहून दुरुस्ती करावी लागते.

फोकसही हाताने करावा लागतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या दृश्यदर्शकात दुभंगलेली प्रतिमा जुळवण्याची सोय असे. डिजिटल कॅमेऱ्यांत ती सहसा नसते. मागील पडद्यावर थेट दृश्य दिसण्याची सोय असल्यास ते मोठे करून पाहणे हा खात्रीचा मार्ग ठरतो.

गल्ली आणि घाट

बहुतांश डिजिटल एसएलआरचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर लेन्सची दृष्टिकक्षा ७५ मिलिमीटरइतकी आणि २८ ची ४२ इतकी अरुंद होते. व्यक्तिचित्रासाठी हे सोयीचे असले, तरी विश्वनाथ गल्लीसारख्या चिंचोळ्या जागी ते गैरसोयीचे ठरते.

वाराणसीचे घाट पूर्वाभिमुख आहेत. पहाटे नदीकडे पाहताना सूर्य समोर येतो. अनेक थरांचा लेप नसलेल्या जुन्या लेन्समध्ये अशा वेळी काचांमधील परावर्तनाने चित्र फिकट पडते. नावेतून अहिल्याबाई घाट किंवा शिंदे घाटाकडे पाहिल्यास प्रकाश पाठीमागून येतो आणि तीच लेन्स उत्तम चित्र देते.

बुरशीचा धोका

जुन्या लेन्सचा खरा शत्रू मात्र दमटपणा आहे. पावसाळ्यात चामड्याच्या बंद पेटीत ठेवलेल्या लेन्सच्या आतील काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी वाढते. तिच्या आम्लामुळे काचेवरील लेप झिजतो. लेन्स घेण्यापूर्वी छिद्र पूर्ण उघडून आरपार विजेरीचा प्रकाश टाकल्यास बुरशी दिसून येते. सिलिका जेलसह हवाबंद डब्यात लेन्स ठेवणे हा स्वस्त उपाय आहे. जेल वेळोवेळी सुकवून किंवा बदलून घ्यावे लागते.

आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत अंतराची अडचण जवळपास संपली आहे. सोनीच्या 'ई' पद्धतीत ते १८, तर २०१८ मध्ये आलेल्या निकॉन 'झेड' व कॅनॉन 'आरएफ' पद्धतींत अनुक्रमे १६ व २० मिलिमीटर आहे. त्यामुळे एफडीसह बहुतेक जुन्या लेन्स साध्या कडीने चालतात. बुरशीने खाल्लेला लेप मात्र कोणत्याही कडीने परत येत नाही. म्हणून घरात जुनी लेन्स असेल, तर कॅमेऱ्याच्या निवडीआधी तिची पेटी उघडून पाहणे अगत्याचे आहे.