शिक्षेत ‘करंजीबंदी’ नसते

दिवाळीत एखाद्या कारागृहात बंद्यांना फराळ वाटल्याचा फोटो पेपरात येतो आणि लगेच मोबाइलवर ठरलेला संदेश फिरायला लागतो: ‘खून-बलात्कार करून आत गेलेले आपल्या पैशांनी सण साजरे करतायत!’ चांगली शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात. म्हणून एकदा नीटच बोलू.

गैरसमज: कैद्याला सण कशाला? तो शिक्षा भोगायला गेलाय.

पहिली गोष्ट, आतले बहुतेक जण शिक्षा भोगतच नाहीयेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांवरचा आरोप अजून सिद्ध व्हायचाय. काही जण निर्दोष सुटतील. काहींना जामीन मंजूर झालाय, पण भरायला पैसे नाहीत म्हणून ते आत आहेत. त्यांच्या ताटातली करंजी खुपते, तेव्हा आपण त्यांना नेमक्या कुठल्या गुन्ह्याची शिक्षा द्यायला निघालोय?

‘बरं, पण गुन्हा शाबीत झालेल्यांचं काय?’ त्यांचंही सांगतो. न्यायाधीश निकालपत्रात ‘सक्तमजुरी’ लिहितात, ‘करंजीबंदी’ लिहीत नाहीत. शिक्षा असते ती स्वातंत्र्य काढून घेण्याची. त्यावर आपल्या मनाने आणखी काही चढवायचा अधिकार ना तुरुंगाधिकाऱ्याला आहे, ना व्हॉट्सॲपवरच्या काकांना.

हे माझं मत वाटत असेल तर दोन निकाल बघा. १९६० च्या दशकात मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक मराठीत लिहिलं. ते छापायला बाहेर पाठवू द्यायला सरकारने नकार दिला. सरकारचं म्हणणं असं, की नियमात ज्या सवलती लिहिल्यात तेवढ्याच मिळतील. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकार हरलं. नियमाने जे मना केलेलं नाही ते असं अडवता येत नाही. संझगिरी स्थानबद्ध होते, दोषी ठरलेले नव्हते, अशी शंका कुणी काढेल. तिचं उत्तर १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यात आहे: तुरुंगाचा दरवाजा ओलांडला म्हणून शिक्षा झालेल्याचेही मूलभूत हक्क संपत नाहीत, कैदेमुळे जेवढे अपरिहार्यपणे आकसतात तेवढेच आकसतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’तही कैद्याला शक्य तितपत धर्माचरण करू द्यावं, असं म्हटलंय.

आता हा ‘साजरा होणारा’ सण असतो तरी कसा? ताटात रोजच्या डाळ-चपातीसोबत एखादा गोड पदार्थ. तोही पुष्कळदा एखाद्या संस्थेने दिलेला. महिला विभागात दिवसाउजेडी काढलेली रांगोळी. राखीला बाहेरून जे येईल त्याची झडती. आणि लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त असतो सूर्यास्तानंतरचा. तोवर गिनती होऊन बराकीला कुलूप लागलेलं असतं. फटाक्यांचं तर नावच नको. याला कुणी चैन म्हणत असेल, तर त्याने एक दिवाळी तशी करून बघावी.

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना तो फोटो बघवत नाही, आणि ते साहजिक आहे. पण गुन्हेगाराचा लाडू काढून घेतल्याने त्यांच्या घरी काही परत येत नाही. त्यांना हवा असतो लवकर लागणारा निकाल आणि भरपाई. वजनदार कैद्याला आत मोबाइल आणि खास जेवण मिळतं, ही तक्रारही रास्त आहे. पण ते बेकायदा आहे, बाराही महिने. त्याचं खापर सणावर कशाला?

आणखी काही गैरसमज, थोडक्यात:

*‘सण आला की सगळ्यांना घरी सोडतात.’* नाही. संचित रजा, म्हणजे फर्लो, शिक्षा झालेल्या आणि नियमांत बसणाऱ्या बंद्यालाच मिळते, तीही वर्तन आणि पोलीस अहवाल बघून. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निरपवाद हक्क नसल्याचं सांगितलंय.

*‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षं.’* जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. शिक्षेत सूट द्यायची की नाही, हे सरकार ठरवतं. फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात ती १४ वर्षांआधी देता येत नाही.

*‘आत दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात.’* हे कुठून येतं देव जाणे. चोवीस तासांचा एकच दिवस, आतही आणि बाहेरही.

*‘बसून आयतं खातात.’* सक्तमजुरीच्या कैद्याला काम करावंच लागतं. नाशिकरोड कारागृहातल्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती लोक विकत घेतात, येरवड्याच्या विक्री केंद्रावर बंद्यांनी केलेला फराळ मिळतो. या कामाची वाजवी मजुरी द्या आणि तिचा काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याचा कायदा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये राज्यांना सांगितलं होतं. पीडितांची खरंच काळजी असेल, तर पुढच्या दिवाळीत त्या कायद्याचं काय झालं, हे विचारणारा संदेश फिरवा.